डावी बाही आणि वेस्ट डिव्हिजन

जयंतने बेडरूमच्या भिंतीवर ब्रिटनचा नकाशा ठोकला, तेव्हा त्याच्या आईने, भीमाबाईंनी एवढंच विचारलं, "वॉलपेपरला भोकं पडली तर कौन्सिल ऐकून घेईल का?" घर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं होतं. जयंतही कौन्सिलचाच, पार्किंग परमिटच्या खिडकीवर बसणारा. तो म्हणाला, "मीच ऐकून घेतो."

साल चौऱ्याण्णव. लंडनमधल्या हॅरोची बेसबॉल टीम ज्या लीगमध्ये खेळायची, तिच्यात आठ टीम होत्या. नव्या सीझनला बारा होणार होत्या. खेळाडूंना चक्क पगार मिळणार होता. आणि लीगचे दोन भाग पडणार होते, ईस्ट डिव्हिजन आणि वेस्ट डिव्हिजन. कोण कुठल्या भागात, हे मांडायचं काम लीगच्या सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी होता जयंत. सव्वीस वर्षांचा. बॉल अंगावर आला तर बाजूला होणारा.

पण सेक्रेटरी. त्याचे वडील काशीनाथ अठ्ठावीस वर्षं एकाच फॅक्टरीत होते आणि त्यांच्या नावाखाली कधी हुद्दा छापून आला नव्हता. मुलाचं लेटरहेड आलं तेव्हा त्यांनी त्यातला एक कोरा कागद घेतला, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसते उभे राहिले.

अर्ज धरून एकूण तेरा टीम झाल्या. जयंतने नकाशावर तेरा पिना टोचल्या. भीमाबाईंच्या टोपलीतली लाल लोकर घेतली आणि हॅरोसकट वेस्टवाल्या सहांभोवती फिरवली. ईस्टवाल्या सहांभोवती निळी. तेरावी पिन एडिनबराची. ती पार वर, एकटी. चेअरमन मिस्टर हॅलम यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की चारशे मैलांचं कोचचं, म्हणजे बसचं भाडं लीगला झेपणार नाही. एडिनबराला 'वुई रिग्रेट'.

शनिवारी जयंतला मीटिंगला जायचं होतं. जाताना तो बहिणीला, मीनलला म्हणाला, "मॅप बघून टाईप कर. वूलच्या आत आहेत त्यांना वेलकम लेटर, बाहेर आहे त्याला रिग्रेट. मॅचच्या तारखा, फिक्स्चर्सपण त्यावरूनच."

"एवढंच ना? मी करून टाकते."

टाईप करायच्या आधी मीनलने मैत्रिणीला फोन लावला. तो अर्धा तास चालला. त्या अर्ध्या तासात भीमाबाई कार्पेट साफ करायला हूवर घेऊन बेडरूममध्ये गेल्या.

सोमवारी जयंतने बसच्या वरच्या मजल्यावर बसून तेरा पत्रांवर तेरा सह्या केल्या. वाचलं एकही नाही. सही करायला मिळतेय यातच तो इतका हरखलेला, की खाली काय लिहिलंय हे बघायला डोळे रिकामे नव्हते.

दहा दिवसांनी फोन आला. पलीकडे मॅकरे, एडिनबराचा कॅप्टन. पेशाने पोस्टमन.

"तुमचं पत्र मीच सॉर्ट केलं," तो म्हणाला.

एडिनबरात टीम एकच होती. आसपास खेळायला कोणी नाही, म्हणून अकरा वर्षं ते आपल्यातच दोन भाग पाडून खेळत होते. सम तारखेला जन्मलेले एका बाजूला, विषमवाले दुसऱ्या. अकरा वर्षं दर वर्षी त्यांनी लीगला अर्ज केला होता.

"थँक यू, मिस्टर सेक्रेटरी," मॅकरे म्हणाला.

"यू आर वेलकम," जयंत म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं.

तो धावत बेडरूममध्ये गेला. लाल लोकर ब्रिस्टलहून निघून सरळ वर एडिनबराला वळसा घालून परत खाली आली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी.

"आई, लोकरीला हात कोणी लावला?"

"मी. ते वरचं एक बाहेर राहिलं होतं."

"मुद्दाम ठेवलं होतं."

"का? वाईट खेळतात?"

"नाही. लांब आहेत."

भीमाबाईंनी हातातला कपडा घडी करून ठेवला. "आमच्या शाळेत मलापण लांब बसवायचे. दाराबाहेर. विचारलं तर मास्तर म्हणायचे, आत जागा नाही. आत निम्मी शाळा रिकामी."

जयंतने नकाशावरची लोकर बोटाने चाचपली. तो म्हणाला, "पण एवढी लोकर उरली कुठे होती?"

"नव्हतीच. तुझ्या बाबांच्या स्वेटरची थोडी उसवली."

दारात काशीनाथ उभे होते. त्यांनी हातातला स्वेटर वर करून दाखवला. डावी बाही खांद्यापासून नव्हती.

"एकदा टोक ओढलं की मध्येच थांबते होय ती," भीमाबाई म्हणाल्या.

फिक्स्चर्स छापून आली आणि त्याच संध्याकाळी मिस्टर हॅलम घरी आले. रिटायर्ड हेडमास्तर, टाय सुटीच्या दिवशीही. चहाचा कप हातात धरून ते नकाशासमोर उभे राहिले.

"चारशे मैल राहू दे. पण एडिनबरा, आणि वेस्ट डिव्हिजनमध्ये?"

"ते ब्रिस्टलच्यापण लेफ्टला आहे," मीनल म्हणाली. "बघा ना."

हॅलमनी खिशातून पट्टी काढली आणि उभी धरली. एडिनबरा खरंच ब्रिस्टलच्या डावीकडे होतं. त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा धरली. मग नकाशा सरळ लागलाय का ते पाहिलं.

"चाळीस वर्षं मी जॉग्रफी शिकवली," ते हळूच म्हणाले आणि खाटेवर बसले.

पण हेडमास्तर तो हेडमास्तरच. जाताना म्हणाले, "शनिवारी ते इथे खेळायला येतायत. रिग्रेट लेटर त्यांच्या हातात तू द्यायचंस. स्वतः. नाहीतर रविवारपासून सेक्रेटरी दुसरा कोणीतरी."

फोटोखालचा कागद थोडा वाकडा झाला होता, तो काशीनाथांनी सरळ केला.

शनिवारी ग्राउंडवर जयंत खिशातल्या पत्रावर हात ठेवून उभा होता. दहा वाजता मिनीबस आली. दार दोरीने बांधलेलं. आतून सतरा माणसं उतरली, सगळ्यांचे युनिफॉर्म नुकती इस्त्री केल्यासारखे. ग्राउंडवर पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. एकजण गुडघ्यावर बसला, रेघेला बोट लावलं आणि बोट दुसऱ्याला दाखवलं. अकरा वर्षं ते बेसच्या जागी जॅकेट टाकून खेळले होते.

मॅकरेने जयंतला त्याचंच पत्र दाखवलं. प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. बसच्या हादऱ्याने सही वेडीवाकडी झाली होती आणि तिच्या भोवती सतरा जणांच्या सह्या होत्या. आपल्या सहीकडे असं कोणी बघू शकतं हे जयंतला माहीतच नव्हतं. त्याचा खिशातला हात खिशातच राहिला.

शेजारी हॅलम खाकरले. "आलेच आहेत तर एक मॅच होऊ दे. नंतर सांग."

मॅच झाली. हॅरो तीन, एडिनबरा एकोणीस.

जिंकल्यावर त्यांना काय करायचं कळेना. नेहमी जिंकणारेही तेच आणि हरणारेही तेच, त्यामुळे निम्म्यांनी सवयीने मान खाली घातली होती. मग मॅकरेने त्यांना सगळेच जिंकल्याची आठवण करून दिली.

जयंत पत्र घेऊन हॅलमकडे गेला. "सर, आता देऊ?"

हॅलम स्कोअरबोर्डकडे बघत होते. "आता? सोळा रननी हरल्यावर? लोक काय म्हणतील?" त्यांनी पत्र घेतलं, चार तुकडे केले आणि कचरा नको म्हणून स्वतःच्याच खिशात ठेवले. "ऑगस्टमध्ये आपण तिकडे जायचंय. कोच बुक कर, मिस्टर सेक्रेटरी."

हे 'मिस्टर सेक्रेटरी' काशीनाथांनी दहा फुटांवरून ऐकलं. त्यांनी कोटाची बटणं उगाच काढून परत लावली.

तोवर भीमाबाईंनी चपात्यांत गुंडाळलेली भुर्जी वाटायला घेतली होती. मॅकरेची चौथी चपाती चालू होती. खाता खाता तो मीनलला म्हणाला, "अ‍ॅबर्डीनलापण एक टीम आहे. सातच जण. बिचारे आपल्यात वाटलेपण जात नाहीत."

"काय म्हणतो?" भीमाबाईंनी विचारलं.

मीनलने सांगितलं.

"कुठंशी आलं हे अ‍ॅबर्डीन?"

"अजून वर, आई. खूप वर."

भीमाबाई वळून काशीनाथांकडे बघू लागल्या. काशीनाथांनी डावा हात कोटात घातला आणि आतल्या स्वेटरची उजवी बाही घट्ट धरली.