अनुभवी दंतवैद्यांची दाढ

'दात दुखत असताना आज-उद्या करणारा माणूस स्वतःचाच शत्रू होय,' असं लिहून उपसंपादकांनी पूर्णविराम दिला आणि त्याच क्षणी त्यांच्या खालच्या डाव्या दाढेतून थेट कानापर्यंत एक कळ गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं, गाल दाबून धरला, डोळे मिटले आणि पुढच्या आठवड्यात केव्हातरी बघू, असं ठरवलं.

दैनिकातलं हे दातांचं सदर मुळात एक खरे डॉक्टर लिहीत. तीन बुधवार त्यांनी मजकूर पाठवला. चौथ्या बुधवारी पेशंट फार आहेत, असा निरोप पाठवला. संपादकांनी उपसंपादकांना बोलावून घेतलं.

"दातांबद्दल लिहायला डॉक्टर कशाला लागतो? तुम्हाला दात आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर. खाली 'एक अनुभवी दंतवैद्य' असं टाका. आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. घरीसुद्धा बोलायचं नाही."

दात असणे, एवढ्या पात्रतेवर उपसंपादकांनी दीड वर्ष सदर चालवलं. शाळेतलं आरोग्यशास्त्राचं पुस्तक आणि टूथपेस्टचं खोकं हे त्यांचे संदर्भग्रंथ. त्यांचे सल्ले चुकीचे होते असं कुणी म्हणू शकलं नसतं. दिवसातून दोनदा दात घासा, सहा महिन्यांनी दाखवून या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर घरी बसू नका. असलं सांगायला काही अनुभव लागत नाही. उपसंपादक स्वतः दंतवैद्याकडे शेवटचे गेले, तेव्हा ते आठवीत होते.

चार दिवस ते उजव्या बाजूने जेवले. पाचव्या दिवशी गाल सुजला आणि गोष्ट सासूबाईंच्या नजरेस आली. सासूबाई महिनाभर मुक्कामाला आल्या होत्या आणि त्या सदराच्या निस्सीम वाचक होत्या. दर बुधवारी त्या कात्रीने सदर कापून एका वहीत चिकटवत आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघ मारत. जावयाचा गाल पाहताच त्यांनी वही आणली.

"'स्वतःचाच शत्रू होय,'" त्यांनी वाचून दाखवलं. "बघा, काय लिहिलंय डॉक्टरांनी!"

"पेपरात काय, काहीही छापतात," उपसंपादक गालाला बर्फ लावत म्हणाले.

"तुमचाच पेपर ना?"

"म्हणून तर सांगतोय."

"तसं नका बोलू. मोठा माणूस आहे तो. तुम्ही पाहिलंय का हो त्यांना? दिसायला कसे आहेत?"

"असतील साधारण माझ्याएवढे."

सासूबाईंनी जावयाला एकदा वरून खाली न्याहाळलं. "छे! लिहिण्यावरून भारदस्त वाटतात."

"आई, तूच घेऊन जा यांना," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "मी सांगून थकले. एकटे पाठवले तर कोपऱ्यावरून परत येतील."

बायकोने नवऱ्याला बरोबर ओळखलं होतं. सासूबाईंनी साडी बदलली, वही पिशवीत टाकली आणि जावयाला पुढे घालून दवाखान्याचा जिना चढल्या.

जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसलेली होती. आतल्या बाकांवर जागा नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, "चौदावा नंबर. अडीच-तीन तास तरी लागतील."

"एवढी माणसं? दातांची साथबीथ आलीय का?" उपसंपादकांनी कण्हत विचारलं.

"साथ कसली! पूर्वी एक पेशंट वीस मिनिटांत मोकळा व्हायचा. गेल्या महिन्यात कुठल्याशा पेपरात छापून आलं, 'डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका. घरून यादी करून न्या. समाधान झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.' तेव्हापासून कुणी उठतच नाही. कोण मेला लिहितो कुणास ठाऊक. एकदा इथे येऊन बसवला पाहिजे."

उपसंपादक भिंतीला टेकून उभे राहिले.

समोरच्या बाकावर निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांच्या मांडीवर प्रश्नांचे दोन फुलस्केप होते, मुख्य प्रश्न बावीस आणि काहींना अ, ब, क असे उपप्रश्न. शेजारच्या शिंप्याने बिलाच्या मागच्या बाजूवर नऊ लिहून आणले होते. एक बाई तर शेजारणीचेही प्रश्न घेऊन आल्या होत्या, कारण शेजारीण आज लग्नाला गेली होती. आतून दर पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाईंचा आवाज येई, "हो, ब्रश मऊच घ्या. हो, तुमच्या मिस्टरांनीसुद्धा मऊच घ्या."

तासाभरात दोन माणसं आत गेली. दाढेतली कळ आता कानातून निघून डोक्याच्या मागच्या भागाकडे वळली होती. मुख्याध्यापकांचा नंबर आपल्या बरोबर आधी आहे, हे कळल्यावर उपसंपादकांनी त्या दोन फुलस्केपांवरचे प्रश्न मोजले. मग वेदनेने माणसाला सुचते तशी एक युक्ती त्यांना सुचली. प्रश्न बाहेरच मिटले, तर रांग आत झपझप सरकेल.

"सर," ते नम्रपणे म्हणाले, "तुमचा पहिला प्रश्न काय आहे?"

"दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात काय?" मुख्याध्यापकांनी खणखणीत आवाजात वाचलं.

"होत नाहीत. साचलेला थर निघाल्यावर जिभेला मोकळं मोकळं वाटतं, त्यालाच लोक सैल म्हणतात. पुढचा?"

"दात दुखत नसेल तर दाखवावा काय?"

"जरूर. दुखायला लागल्यावर दाखवणं म्हणजे चोर पळाल्यावर कुलूप आणायला जाणं."

मुख्याध्यापकांनी दोन प्रश्नांवर बरोबरची खूण केली. शिंपी सरकून जवळ आला. शेजारणीच्या प्रश्नांच्या बाईही आल्या. बघता बघता उपसंपादकांभोवती कोंडाळं झालं आणि ते एका हाताने गाल धरून धडाधड उत्तरं देत सुटले. अक्कलदाढ काढल्याने अक्कल जाते का? नाही, ती असल्याने आली, असाही दाखला नाही. रूट कॅनॉल फार दुखतं का? "अजिबात नाही. केस कापून घेण्याइतकंच ते सोपं आहे. भीती दाढेत नसते, मनात असते."

हे वाक्य ऐकताच सासूबाईंनी पिशवीतून वही काढली, पानं उलटली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"अहो, शब्दन् शब्द हेच आहे इथे!"

मुख्याध्यापकांनी चष्मा वर सरकवून वहीत पाहिलं. मग कुलूप-चोराचं वाक्य शोधलं. तेही सापडलं. त्यांनी उपसंपादकांकडे पाहिलं, ते कुठे काम करतात हे सासूबाईंना विचारलं आणि वर्गात कॉपी पकडल्याच्या आवाजात जाहीर केलं, "मंडळी, अनुभवी दंतवैद्य हेच!"

"नाही, नाही," उपसंपादक म्हणाले. "म्हणजे लिहितो मीच, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं कुणीच ऐकलं नाही. सासूबाईंचे डोळे भरून आले. "बारा वर्षं जावई आहेत," त्या सर्वांना सांगू लागल्या, "पण एका शब्दाने बोलले नाहीत हो! आम्ही आपले समजत होतो, पेपरात साधी नोकरी करतात."

शिंप्याने आ वासला. "डॉक्टर, एवढी ही मागची बघता का? दोन वर्षं झाली, कुणाला दाखवली नाहीये."

"अहो, मी खरंच..."

"बघा ना हो," सासूबाई म्हणाल्या. "एवढे काय आढेवेढे घेताय? आपलीच माणसं आहेत."

बारा वर्षांत सासूबाईंनी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. माणूस घसरतो तो असा. उपसंपादकांनी मोबाइलचा दिवा लावला आणि शिंप्याच्या तोंडात डोकावून ते गंभीरपणे म्हणाले, "हं." पुढे काय म्हणायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्या एका 'हं'नेही शिंप्याला बरं वाटलं आणि त्याच्या मागे पाच जण तोंडं उघडून उभे राहिले.

त्याच वेळी आतलं दार उघडलं.

"बाहेर कुणी दुसरा दवाखाना काढलाय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी बोटाने दाखवलं. "तेच हे. यादीवाले."

चौदावा नंबर ताबडतोब आत घेण्यात आला.

खुर्ची मागे झुकली, दिवा तोंडावर आला आणि उपसंपादकांचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांना चिकटले. डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला. दाढेवर हलकेच टकटक केली. त्यावर उपसंपादकांच्या तोंडून निघालेला आवाज बाहेर जिन्यापर्यंत ऐकू गेला, असं नंतर कळलं.

"कीड आतपर्यंत गेलीय. रूट कॅनॉल करावं लागेल. सुरुवात आजच करू. दंतवैद्याकडे शेवटचे कधी गेला होतात?"

तोंडात कापूस होता. उपसंपादकांनी दोन बोटं वर केली.

"दोन वर्षांपूर्वी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बोटांपुढे हवेत एक शून्य काढलं. ते खरं म्हणजे सत्तावीस होतं, पण सात दाखवायची त्यांना लाज वाटली.

"छान. आणि शहराला दर बुधवारी सांगता, सहा महिन्यांनी जा." त्यांनी इंजेक्शन हातात घेतलं. "'सुई टोचलेली कळतसुद्धा नाही.' हेही तुम्हीच लिहिलंय ना?"

"आँ," उपसंपादक म्हणाले.

"कळली?"

"आँ आँ!"

"मग तसं छापा. थोडी कळते, मग बधिर होतं, आणि नंतर त्रास कमी असतो. हे छापलंत तरी लोक येतात. उलट, सोपं आहे म्हणून येतात आणि खुर्चीत बसल्यावर मला खोटी ठरवतात." सुई टोचली. उपसंपादकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुखल्याचं होतं की पश्चात्तापाचं, हे ठरवायला त्यांना वेळ मिळाला नाही.

पाऊण तासाने डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. "पुढच्या सोमवारी परत या. आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगायचं, मी डॉक्टर नाही. आणि यापुढे ते सदर छापण्याआधी मला दाखवायचं. कबूल?"

उपसंपादकांनी मनापासून मान हलवली. इतका प्रामाणिक होकार त्यांनी संपादकांनाही कधी दिला नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा सगळे उभे राहिले. खालचा ओठ कुठे आहे याचा त्यांना पत्ता नव्हता आणि अर्धी जीभ परक्याची झाली होती. तरीही त्यांनी छातीवर हात ठेवला आणि जमेल तितक्या स्पष्टपणे कबुली दिली, "मी... डॉक्कर... नाई."

"किती हा विनय!" मुख्याध्यापक गहिवरून म्हणाले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर सासूबाईंच्या वहीवर गेली. "तुम्ही एवढं वाचता, आजी. तुम्ही शेवटच्या कधी दाखवलंत?"

"मी?" सासूबाईंनी आश्चर्याने विचारलं. "मी कशाला दाखवू? दर बुधवारी वाचते ना! इतकं छान लिहितात की वाचलं की जाऊन आल्यासारखंच वाटतं."

बाकांवरून संमतीची कुजबुज उठली. आपलंही तसंच होतं, असं शिंपी म्हणाला. मुख्याध्यापकांनी फुलस्केपांची घडी घालायला घेतली. प्रश्न तर सगळे सुटलेच होते.

"तसं चालायचं नाही. या आत, एकदा नजर टाकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वही छातीशी धरली, दाराकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा. मी काय करू?"

दीड वर्षांत प्रथमच उपसंपादकांना एका वाचकाला अनुभवाने सल्ला द्यायचा होता. उशीर केला तर काय होतं, हे त्यांच्या दाढेला ठाऊक होतं. त्यांनी सर्व बळ एकवटून 'आत जा' असं सांगितलं. पण 'त' हे अक्षर पडलं दंत्य. ते उच्चारायला जीभ दातांना टेकावी लागते, आणि त्यांना ना जीभ सापडत होती ना दात.

"आ... जा!"

"ऐकलंत?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "आज जा म्हणतायत, म्हणजे घरी. एवढा अनुभवी माणूस, काहीतरी बघूनच सांगत असणार."

आणि वही पिशवीत टाकून त्या जिना उतरू लागल्या. त्यांच्यामागे मुख्याध्यापक उतरले, शिंपी उतरला, शेजारणीच्या प्रश्नांच्या बाई उतरल्या. वर उपसंपादक दोन्ही हात हलवत "आ! आ!" असं ओरडत होते, आणि खालून सगळे त्यांना हात हलवून निरोप देत होते.