पडल्याची नोंद : निरंक

म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणं अवघड असतं. ती घेतली जाते की नाही हे तपासणं त्यामानाने पुष्कळ सोपं. म्हणूनच समाज जसजसा पुढे जातो, तसतशी पहिली गोष्ट कमी होते आणि दुसरीचे नमुने वाढतात. नीळकंठ पिंपळशेंडे यवतमाळात तपासणी अधिकारी म्हणून लागले तेव्हा वृद्धाश्रमाचा नमुना दीड पानाचा होता. आता तो एकशे चौदा मुद्द्यांचा आहे. दरम्यानच्या काळात म्हातारे होते तसेच म्हातारे राहिले. पण त्याला कार्यालय काय करणार?

नीळकंठराव सज्जन माणूस. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणत्याही संस्थेबद्दल वाईट लिहिलं नव्हतं. (चांगलंही लिहिलं नव्हतं. 'समाधानकारक' हा शब्द दोन्हींच्या मधोमध बसतो आणि त्याचा रबरी शिक्का करून मिळतो.)

गेल्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे घाटंजी रस्त्यावरच्या 'सुखान्त ज्येष्ठ निवासा'ची अचानक तपासणी आली. अचानक तपासणीचं पत्र रीतसर आठ दिवस आधी गेलं होतं. न कळवता गेलं, तर भेट अचानक होती याचा लेखी पुरावा कुठून आणायचा?

व्यवस्थापक पियूष हार घेऊन फाटकाशीच उभे होते. तरुण, तरतरीत, नागपूरहून व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी आधी फायली दाखवल्या. फायली पाहून नीळकंठरावांना वाटलं, निवृत्तीनंतर आपण इथेच राहावं. म्हणजे फायलीत.

समाधान सर्वेक्षणानुसार अडतीस रहिवाशांपैकी एक्केचाळीस समाधानी होते. (तिघांचं समाधान मृत्यूनंतरही टिकून राहिलं होतं; एवढी सेवा क्वचित पाहायला मिळते.) प्रत्येक खाटेशी मदतीची घंटा होती आणि वर्षभरात ती एकदाही वाजली नव्हती. ऑफिसातलं तिचं बटण बंद ठेवलेलं होतं, कारण रहिवाशांना शांतता लागते. पडल्याच्या नोंदीचं रजिस्टर तर कोरं करकरीत.

"हे रजिस्टर आणायच्या आधीच्या वर्षी अकरा जण पडले होते, सर," पियूष म्हणाले. "आणल्यापासून एकही नाही."

एका रजिस्टराने एवढा फरक पडलेला नीळकंठरावांनी कुठे पाहिला नव्हता. 'निरंक' असं लिहून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले.

एकतिसावा मुद्दा : न्हाणीघरात आधारासाठी दांडी असणे व फरशी कोरडी असणे. दांडी होती, चकचकीत स्टीलची, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. फरशी इतकी कोरडी होती की तिच्यावर धूळ होती. न्हाणीघराला मोठं पितळी कुलूप होतं, ते पियूष यांनी तपासणीपुरतं उघडलं होतं. वापरलं तर ओलं होतं, ओलं झालं तर माणूस घसरतो, घसरला तर एकतिसावा मुद्दा जातो. या तर्कात खोट काढणं कठीण होतं.

नंतर पाच रहिवाशांच्या मुलाखती झाल्या. पाचही जण व्यवस्थापनाने काळजीपूर्वक निवडलेले होते. त्यातल्या भावसिंग आजोबांना ऐकू येत नव्हतं आणि ते प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होते. "काही तक्रार आहे का?" यालाही ते "हो" म्हणाले, तेव्हा पियूष यांनी हसून सांगितलं, "सर, त्यांना जेवण झालं का असं वाटलं." जेवणाच्या मुद्द्यापुढे खूण झाली.

जेवण खरंच झकास होतं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, वर मिरचीचा ठेचा. (मुद्दा बावन्न : आहाराचा दर्जा. तो अधिकाऱ्याच्या ताटावरून ठरतो.) हात धुवायला म्हणून नीळकंठराव उठले, ते घरच्या सवयीने मागच्या दाराकडे वळले, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा एका इमारतीच्या मागच्या बाजूला गेले.

मागे पाण्याचं टाकं होतं. त्याच्या कडेच्या दगडांवर हिरवंगार शेवाळ होतं आणि दोरीवर आडोशाला एक जुनं लुगडं बांधलेलं होतं. बाजूच्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर एक म्हातारी निजलेली होती. उशाशी बसून दुसरी तिला वरणाचं पाणी पाजत होती. निजलेली लालीबाई, आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरची. पाजणारी इंदुताई, पुसदला एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी नीळकंठरावांकडे पाहिलं, तसं उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहतात.

"तुम्ही तपासणीवाले न? बघा मग. तीन दिवस झाले, हिला कूस बदलता येत नाही."

"काय झालं?"

"टाक्याशी पाय घसरला. आम्ही सगळ्या इथंच आंघोळ करतो. आत कुलूप आहे."

"मी पडलीच नाही, साहेब," लालीबाई घाईघाईने म्हणाल्या. "पडली म्हणलं का पोराले फोन जाते. पोरगा पुण्याले कामावर हाय. मंग तो म्हणते, याडी, तू नीट कायले राहात नाही?"

तोवर धावतपळत पियूष पोचले. "सर, त्या पडल्या नाहीत, बसल्या. पडल्या असत्या तर रजिस्टरमध्ये असत्या न."

नीळकंठरावांनी नमुना चाळला. मुद्दा सत्त्याहत्तर : जखमी रहिवाशास चोवीस तासांत उपचार. पडल्याची नोंद निरंक, म्हणून जखमी निरंक, म्हणून उपचार 'लागू नाही'. सगळं जुळत होतं. त्यांनी शिक्का काढायला खिशात हातही घातला. साहेब आता निघतात असं पाहून लालीबाईंनी सुजून काळानिळा पडलेला पाय लुगड्याखाली ओढून घेतला. पाहुणा आला की घरातली बाई पसारा झाकते, तसा. ओढताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त डोळे घट्ट मिटले.

नीळकंठरावांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

"इंदुताई, हे तुम्ही काहून सांगितलं नाही?" साहेबी मराठी त्यांच्या तोंडून केव्हा गळून पडली, त्यांनाही कळलं नाही.

"कोणाले सांगू? सांगणारे पाच जण आधीच निवडून ठेवले होते न."

त्यांनी ड्रायव्हर हरिसिंगला हाक मारली. तो जवळच्याच तांड्यावरचा. खाटेकडे एकदा बघून तो काही न विचारता वाकला. "याडी, माह्या गळ्याले घट्ट धर," म्हणाला आणि आई उचलावी तशी त्याने लालीबाईंना उचलून सरकारी गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. डोकं मांडीवर घेऊन इंदुताई बसल्या. फायली डिकीत गेल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन दिवस? कुणी साधं विचारलं नाही?"

"विचारलं," नीळकंठराव म्हणाले. "एकशे चौदा प्रश्न विचारले. यांना सोडून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल लिहिला तो शिक्क्याशिवाय, हाताने. कुलूप लिहिलं, शेवाळ लिहिलं, घंटा लिहिली. अहवाल नवव्या दिवशी परत आला. आक्षेप असे होते : शासकीय वाहनातून रहिवाशाची वाहतूक विनापरवाना झाली, इमारतीची मागची बाजू हा तपासणीचा मुद्दा नाही, आणि संस्थेची पडण्याची सरासरी दोन वर्षे शून्य असताना अधिकारी जाताच एक जण पडल्याचे आढळते, सबब अधिकाऱ्याच्या भेटीने रहिवाशांच्या सुरक्षिततेस बाधा पोचते काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

नीळकंठरावांनी खुलासा केला. त्यांची बदली वणीला झाली. फेरतपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याने केली आणि 'सुखान्त'ला अ श्रेणी मिळाली. फक्त एक शेरा होता : न्हाणीघराचे कुलूप अज्ञात व्यक्तीने दगडाने तोडले असून संस्थेने मालमत्तेची काळजी घ्यावी. त्या अज्ञात व्यक्तीने शाळा सुटल्याची घंटा तीस वर्षं वाजवलेली असल्यामुळे तिचा घाव नेमका बसला होता. दांडीवरचं प्लास्टिकही तिनेच सोललं. पियूष नवं कुलूप घेऊन आले, तेव्हा अठरा म्हाताऱ्या बादल्या घेऊन दारात रांगेने उभ्या होत्या. ते कुलूप पियूष यांनी परत नेलं. लालीबाई आता वॉकर धरून चालतात आणि आत, गरम पाण्याने, आंघोळ करतात. नीळकंठराव महिन्यातून एका रविवारी वणीहून येतात. तपासायला नाही, बसायला. लालीबाई त्यांना अजून "मी पडलीच नव्हती" हे समजावून सांगतात.

खुलाशाच्या शेवटी नीळकंठरावांनी एक सूचना केली होती, की रहिवाशाच्या नातेवाइकालाही एक प्रश्न विचारावा. कार्यालयाला ती फार आवडली, कारण तिच्यात कार्यालयाला काहीच करावं लागत नव्हतं. तेव्हापासून अर्ध्या पानाचा एक नमुना नातेवाइकांना टपालाने जातो. त्यात एकच प्रश्न आहे : आपण आईला किंवा वडिलांना शेवटचं केव्हा भेटलात?

पहिल्या फेरीत अडतीस नमुने गेले, सदतीस परत आले, सदतिसांतही उत्तर एकच : 'समाधानकारक'. आता हा नमुना वृद्धाश्रमापुरता न ठेवता ज्यांचे आईवडील गावी, आपापल्या घरी, सुखाने एकटे राहतात, त्यांनाही पाठवायचं ठरलं आहे. तुम्हाला या आठवड्यात मिळेल. भरताना एवढंच लक्षात ठेवावं, की उत्तर तारखेत द्यायचं आहे. नुसतं 'दिवाळीत' असं लिहिलेलं चालत नाही. कोणत्या दिवाळीत, ते लिहावं.