चिखलासुराचं माप

मकबूल मास्तरांनी राक्षसाचं माप घ्यायला गळ्यातली टेप काढली, तेव्हा राक्षस दुकानाच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता. दगडोबा त्याचं नाव. लातूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचा. त्याची छाती मोजताना मास्तरांना टेप घेऊन त्याच्याभोवती प्रदक्षिणाच घालावी लागली.

"मास्तर, माप कशाला घ्यायलाव?" आदिनाथ वैतागून म्हणाला. हा आदिनाथ एरवी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा, पण गेल्या महिन्यापासून स्वतःला डायरेक्टर म्हणवून घेत होता. "राक्षस हाय त्यो. दोन-चार पोती जोडायची, हिरवा रंग मारायचा, झालं. जितकं बेढब, तितकं भ्या वाटंल."

"माप घेतल्याबगर मी उशीचा अभ्रा बी शिवत न्हाई," मास्तर म्हणाले आणि दगडोबाला हात वर करायला लावला.

सिनेमाचं नाव होतं 'चिखलासुर'. दलदलीतून एक राक्षस उठतो, गावकऱ्यांना खातो आणि क्लासचा एक हुशार विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या जोरावर त्याला बुडवतो, अशी गोष्ट. ती सुचली होती कोचिंग क्लास चालवणाऱ्या व्यंकट सरांना. त्या काळात लातुरात बोर्डात आलेली पोरं आणि क्लासच्या पाट्या यांची नुसती स्पर्धा लागली होती, आणि पाट्या पुढे होत्या. बाकीचे क्लासवाले हँडबिलं वाटत होते. सरांनी ठरवलं, आपण थेट सिनेमा काढायचा. एकच अट होती. हीरो पहिल्यापासून शेवटपर्यंत क्लासच्या युनिफॉर्ममध्ये दिसला पाहिजे, मग तो दलदलीत का असेना.

मास्तरांना सरांनी स्वतः बोलावून सांगितलं होतं, "राक्षस बघून पालकांच्या पोटात गोळा आला पाहिजे. आला, तर जूनपासून क्लासचे सगळे युनिफॉर्म तुमच्याकडं. न्हाई आला, तर सोलापूरचा रेडिमेड माल आहेच."

हे ऐकून गोळा पहिल्यांदा मास्तरांच्याच पोटात आला. 'न्यू कहकशां टेलर्स' हे त्यांचं दुकान रेडिमेडने पार बसवलं होतं. चार मशिनांपैकी तीन झाकून ठेवलेली. धर्माबादचे साडू वरचेवर निरोप धाडत होते, की लातुरात काय ठेवलंय, या आणि आमच्या मिरचीच्या दुकानात बसा. मास्तरांना मिरचीच्या नुसत्या आठवणीनेही शिंका येत. पण जूनपर्यंत काम मिळालं नाही तर मशीन विकून धर्माबाद गाठायचं, असं त्यांनी बायकोला, फरीदाबींना, कबूल करून टाकलं होतं. थोडक्यात, राक्षस भयानक झाला तर दुकान वाचणार होतं, आणि देखणा झाला तर मिरची.

आता बेढब शिवणं यात अवघड ते काय? पण मास्तरांचं तिथेच घोडं पेंड खात होतं. सहा वर्षांपूर्वी भूकंप झाला, तेव्हा देशभरातून ट्रक भरभरून कपडे आले होते. देणाऱ्यांची मनं मोठी होती आणि कपड्यांची मापंही. पत्र्याच्या शेडांत राहणारी माणसं गुडघ्यापर्यंतचे सदरे आणि खांद्यावरून ओघळणारी झंपरं घालून हिंडत होती. मास्तरांनी एक मशीन टेम्पोत टाकलं आणि दोन महिने किल्लारीकडच्या शेडांत बसून मिळेल त्याचा कपडा अंगाबरोबर करून दिला. केवळाबाई नावाच्या म्हातारीचं झंपर त्यांनी तीनदा उसवून बसवलं. ते अंगात घालून ती खांद्यांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "आता मी माझी मला वळखू यायलेव, बाबा." मास्तर तेव्हा मशिनीत दोरा ओवायचं निमित्त करून खाली वाकले होते. तेव्हापासून अंगाला न बसणारा कपडा दिसला की त्यांना कुणाचा तरी अपमान चालल्यासारखं वाटायचं.

तरी त्यांनी प्रयत्न केला. मन घट्ट करून राक्षसाचा उजवा खांदा मुद्दाम दोन बोटं उतरता कापला. एक बाही आखूड ठेवली. शिवून खुंटीला लावलं आणि घरात जेवायला बसले. दोन घास खाल्ले, उठून दुकानात डोकावून आले. पुन्हा दोन घास खाल्ले, पुन्हा डोकावले. तिसऱ्यांदा गेले ते ताट तसंच टाकून, आणि ब्लेडने खांदा उसवायला बसले.

"अब क्या हुआ जी?" फरीदाबी बाहेर आल्या.

"खांदा उतर गया."

"राक्षस का हैना?"

"राक्षस का होंगा. सिलाई तो मेरी है."

फरीदाबी ताट झाकायला आत गेल्या, कारण बावीस वर्षं त्या याच उत्तराशी संसार करत होत्या. मास्तरांनी खांदा बसवला, बाही लांब केली. मग एकदा हात सुटला तो सुटलाच. पोत्यांवर निळा पट्टा होता. तो डाव्या अंगाचा उजव्या अंगाला शिवणीवर बरोब्बर जुळवला. आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं, कारण पोतं टोचतं. दगडोबा तंबाखूच्या डबीसाठी खिसा मागून गेला होता, तोही दिला. पट्टा सोडून वर हिरवा रंग, गळ्याला मंडपवाल्याकडचं प्लॅस्टिकचं गवत. आणि गिऱ्हाइकाला चुरगळलेला कपडा द्यायचा नाही म्हणून शेवटी कडक इस्त्री.

आदिनाथने राक्षस हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "मास्तर, राक्षसाच्या पँटीला क्रीज?"

"मोडून टाकू का?"

"राहू द्या आता. चिखलात जाईल."

पण चिखल होता कुठे? लातुरात प्यायला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तिथे दलदल कुठून आणणार? किनवटकडे मिळाली असती, पण तेवढ्या लांब जायचं तर सिनेमा प्रवासातच संपला असता. शेवटी आदिनाथने गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीचा खड्डा धरला आणि टँकर मागवला. टँकरने खड्ड्यात पाणी सोडलं, आदिनाथने आणि दगडोबाने फावड्याने माती कालवली. दलदल झकास जमली. आदिनाथने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि मागे बघतो तो शेजारच्या वस्तीतल्या पंचवीस-तीस बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या. लातुरात टँकरचा आवाज आला की माणूस आधी घागर उचलतो, मग विचारतो.

"ओ मावशी, ते पाणी नका घेऊ! ती दलदल हाय!" आदिनाथ ओरडला.

"असू दे की," पुढे उभ्या असलेल्या शिवगंगाबाई घागर बुडवत म्हणाल्या, "गाळून घेताव."

डायरेक्टरने हात जोडले, सिनेमात घेतो म्हणून सांगितलं. त्यावर दोघी-तिघी थांबल्या आणि पदर सारखा करून आल्या. बाकीच्या भरत राहिल्या. दलदल डोळ्यांदेखत उतरत चालली. आता जे काही घ्यायचं ते एकाच दमात. आदिनाथने घाईघाईने दगडोबाला खड्ड्यात झोपवलं.

राक्षस चिखलातून उठला. कपडा अंगावर असा बसला होता, की उठल्याबरोबर दगडोबाची छाती आपसूक पुढे आली आणि मान ताठ झाली. तो चार पावलं चालला तर वरात निघाल्यासारखं वाटलं.

"वाकडा चाल, दगडोबा, वाकडा!"

"वाकडं चालू कसं?" राक्षसाने विचारलं. "कपडा सरळ हाय."

मग हीरो आला. गुरुलिंग, सरांचा भाचा, अंगात क्लासचा सोलापुरी युनिफॉर्म. झटापट सुरू झाली. राक्षसाने हीरोचा दंड धरला, टर्र असा आवाज झाला, आणि सबंध बाही राक्षसाच्या हातात आली. बांधावर बसलेल्या मास्तरांच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं. एकच टीप मारलेली, तीही कच्च्या दोऱ्याची! हे त्यांना लांबूनसुद्धा दिसलं.

"कट! परत घ्यायचं!" आदिनाथ म्हणाला. पण परत घ्यायला खड्ड्यात पाणी कुठे होतं? शिवगंगाबाई शेवटची घागर डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. त्यामुळे बाही नसलेला हीरो पुढची सात मिनिटं राक्षसाला तरंगण्याचा नियम समजावून देत राहिला. राक्षस कंबरेवर हात ठेवून ऐकत होता. चौथ्या मिनिटाला त्याने खिशातून डबी काढून तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. सातव्या मिनिटाला, बुडायला पाणी नव्हतं म्हणून, आपणहून आडवा झाला.

हे सगळं आदिनाथने सरांना सांगितलं नाही. "एक नंबर झालाय," एवढंच सांगितलं.

रविवारी दुपारी मंगल कार्यालयात खेळ ठेवला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. तीनशे पालक आणि शेजारी युनिफॉर्ममधली त्यांची पोरं. सर पुढच्या रांगेत. मास्तर आणि फरीदाबी दाराशी, कारण मास्तरांना लवकर निघता यावं असं वाटत होतं. साडूचं पत्र त्यांच्या खिशात होतं.

पडद्यावर राक्षस उठला. मास्तरांनी डोळे मिटले आणि किंकाळीची वाट बघितली. मग अंधारातून एका बाईचा आवाज आला, "अगं बया, काय बसलंय अंगावर!"

"निळा पट्टा बघा की, कसा जुळवलाय," दुसरीकडून कुणीतरी म्हणालं.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना मिरचीचा वास येऊ लागला.

मग ती झटापट आली. राक्षसाने दंड धरला. टर्र. तीनशे पालकांनी बाही सुटताना पाहिली आणि तीनशे पालकांची मान शेजारी बसलेल्या आपापल्या पोराकडे वळली. हिमायतनगरहून आलेला एक शेतकरी होता. त्याने शंका नको म्हणून पोराची बाही जराशी ओढून पाहिली. ती हातात आली. त्याच्या मागच्याने ओढली, तीही आली. मग काय, ज्याला त्याला खात्री करून घ्यायची होती. सभागृहभर टर्र, टर्र, टर्र असा आवाज उठत गेला, आणि त्यात राक्षसाची डरकाळी कुणाला ऐकूही आली नाही. कुणीतरी दिवे लावले. सरांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा अख्खा क्लास बिनबाह्यांचा बसला होता. त्या सिनेमात जी एकमेव किंकाळी ऐकू आली, ती व्यंकट सरांची.

"आदिनाथ! हे काय दाखवलंस? आणि राक्षस तंबाखू खातो? पोरांवर काय संस्कार होतील?"

"संस्काराचं नंतर बघू सर," हिमायतनगरवाला हातातली बाही नाचवत उभा राहिला. "आधी हे सांगा, त्या राक्षसाचे कपडे कुणी शिवले?"

आदिनाथने जीव वाचवायला दाराकडे बोट केलं. "त्यांनी! मकबूल मास्तरांनी! मी बेढब शिवा म्हणून सांगितलं होतं!"

मास्तर चपला शोधत होते. माणसं त्यांच्याकडे धावत येताना दिसली तसे ते चपलेवाचूनच निघाले. पण फरीदाबींनी हात धरून ठेवला. त्यांना गर्दीच्या पुढच्या माणसाच्या हातात काठी नाही, पोराचं मनगट दिसलं होतं.

"मास्तर," तो धापा टाकत म्हणाला, "आमच्या पोराचं माप कवा घेताव?"

जूनमध्ये 'न्यू कहकशां टेलर्स'ची चारही मशिनं चालू झाली. सर चरफडले, पण पालकांपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांनी फक्त एवढं सुचवून पाहिलं की सगळ्यांना एकाच मापाचे, जरा ढगळ शिवले तर लवकर होतील. मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि एकेका पोराला हात वर करायला लावला. दुकानाला आता कुणीच कहकशां म्हणत नव्हतं. रिक्षावाल्याला 'राक्षसाचा टेलर' सांगितलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा. फरीदाबींना ते बिलकूल आवडत नसे, पण साडूंना नकाराचं पत्र त्यांनीच जाऊन टाकलं.

एका दुपारी गर्दी नसताना व्यंकट सर आले. आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, मग आत येऊन स्वतःच पडदा ओढून घेतला.

"सफारी शिवायचाय," ते खाकरून म्हणाले. "तसं साधंच. फक्त खांदा..."

"खांद्याचं काय?"

सरांनी आवाज खाली आणला. "राक्षसासारखा पडला पाहिजे."

मास्तरांनी टेप लावली, वहीत आकडा लिहिला. "दगडोबाचा वीस भरला होता सर. तुमचा साडेपंधरा हाय."

"मग? न्हाई जमणार?" कमी मार्क पडलेल्या पोरासारखा सरांचा चेहरा झाला. इतकी वर्षं तो त्यांनी फक्त समोरच्या बाकावर पाहिला होता.

मास्तरांना त्यांची दया आली. "खोटं माप मी लावत न्हाई, सर. साडेपंधराचाच शिवतो. पण घालून बघा. तुमचे तुम्हाला वळखू याल."

सर खांदे नीट धरून उभे राहिले. मास्तरांनी बाही मोजली, उंची मोजली. मग खडू कानाला लावत विचारलं, "खिसे नेहमीचेच?"

सरांनी पडद्याच्या फटीतून रस्ता पुन्हा एकदा बघून घेतला.

"एक आतून द्या," ते म्हणाले. "डबी मावंल एवढा."