बोटांना डोळे असतात

लग्नाच्या बुफेत गेल्यावर आमच्या बेबीताई पहिलं काम करतात ते चमचा परत करण्याचं. चळतीतून ताट उचलायचं, त्यातला चमचा मेलेली पाल धरावी तसा दोन बोटांत धरायचा आणि काउंटरमागच्या माणसाच्या हातात ठेवायचा.

"भैया, ये आपका रह गया."

तो बिचारा म्हणतो, "माताजी, आपके लिए ही है."

यावर बेबीताई आपला उजवा पंजा त्याच्या नाकासमोर उघडून धरतात. "मेरे पास है न!"

खरी शोभा तर पुढेच. उभ्याने खाणं त्यांना मंजूर नाही. "उभ्यानं घोडा खाते," असं जाहीर करून त्या लॉनच्या मधोमध मांडी घालून बसतात. थोड्या वेळाने गुडघे धरत धरत एक म्हातारी शेजारी बसते, मग दुसरी, आणि डीजेच्या भिंतीएवढ्या डब्यासमोर बघता बघता पंगत पडते. वाढपी वाकून वाढायला लागतात. नवरा-नवरी फोटो काढून घ्यायला येतात. मी तेवढा वेळ आइस्क्रीमच्या रांगेत पाठ करून उभी असते. "ये आपके साथ आई हैं क्या?" असं एकदा कोणीतरी विचारलं, तर मी म्हटलं, "हव, दूर के रिश्ते में हैं."

दूरचं नातं म्हणजे माझी सख्खी नणंद. मी लग्न होऊन रायपूरला आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच घरात, एकाच ओट्याशी आहोत.

वय ऐंशीच्या पुढे आणि नाव बेबी. लग्न केलं नाही. पुरानी बस्तीतल्या एका बालवाडीत त्यांनी जन्मभर शिकवलं. पण अ आ इ ई त्यांना दुय्यम वाटे. त्यांचा खरा विषय एकच, पोरांना हाताने जेवायला शिकवणं. निवृत्त झाल्यावर हा वर्ग आमच्या समता कॉलोनीतल्या घराच्या व्हरांड्यात आला. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, आया दुपारी आपापली दीड-दोन वर्षांची पोरं आणून सोडायच्या आणि निवांत डुलकी काढायच्या.

या वर्गाला इयत्ता होत्या. पहिलीत मुरमुरे. पाची बोटांच्या चिमटीत धरून तोंडापर्यंत न्यायचे. दुसरीत पोहे. मग दहीभात. वरणभात म्हणजे मॅट्रिक, आणि ताकभात एक थेंबही मनगटाकडे न जाऊ देता खाल्ला की बी.ए. अन्न बोटाच्या दुसऱ्या पेरावर चढलं की नापास. "दुसऱ्या पेराच्या वर गेलं तर ते जेवण नाही, सारवण आहे," असं त्या नाक न पुसता आलेल्या पोराला गंभीरपणे सांगायच्या. तेही अहो-जाहो करून. "गुप्ताजी, पाय आत घ्या. मंदारराव, तोंडात घास असताना भाषण नाही."

मंदारराव म्हणजे माझा मुलगा. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता.

कायदे तीन होते. पंगतीतलं शेवटचं माणूस बसल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या पानात पाहायचं नाही; "आपलं पान म्हणजे आपली खोली. दुसऱ्याच्या खोलीत कोणी डोकावते का?" आणि सांडलं तर रडायचं नाही. कोणाच्या हातून भात सांडला की बेबीताई लगेच म्हणायच्या, "वा! मुंगीताईचं पान वाढलं." रडायच्या बेतात आलेलं पोर मुंगी शोधायला लागायचं. इतकी वर्षं मी पाहिलं, पण सांडलं म्हणून त्या कोणत्याही पोरावर ओरडल्या नाहीत. ओरडायच्या फक्त माझ्यावर.

कारण मी चमच्याच्या पक्षात होते.

तेव्हाचं माझं काय सांगू! यांना नुकतं प्रमोशन मिळालं होतं आणि ते यांच्यापेक्षा मलाच जास्त चढलं होतं. गोल बाजारातून मी काटे-चमचे-सुऱ्यांचा मखमली डबा आणला होता. मंदारला 'साहेब' करायचा तर हातातला काटा डावीकडे की उजवीकडे, एवढाच प्रश्न उरलाय अशी माझी समजूत होती. त्याचं उत्तरही मला येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

यांच्या साहेबांच्या बाईंना मी जेवायला बोलावलं. टेबलावर चादर घातली, प्रत्येक ताटाशी काटा ठेवला आणि भाजी केली मुनग्याची. मुनगा म्हणजे शेवग्याच्या शेंगा. यांच्या आवडीची म्हणून केली. ती काट्याने खायची कशी हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

बेबीताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "सुमन, मुनग्याले काटा मारशीन तर मुनगा उडन."

"तुम्ही आत बसा बरं," मी दात आवळून म्हटलं.

साहेबीणबाईंनी काटा मारला. मुनगा उडाला. टेबलावरून गेला आणि त्यांच्याच पांढऱ्या शिफॉनवर, बरोबर खांद्याशी, एखादं पदक लावावं तसा बसला. मी मेले. तेवढ्यात माझं अडीच वर्षांचं रत्न त्यांच्याकडे बघून म्हणालं, "वा! मुंगीताईचं पान वाढलं."

साहेबीणबाई इतक्या हसल्या की त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि हातानेच मुनगा चोखायला घेतला. बेबीताई पुढे होऊन त्यांना वाढू लागल्या. जाताना बाई माझा नाही, त्यांचा हात हातात घेऊन गेल्या. मी मागे राहून चादरीवरचे डाग मोजत बसले. बेबीताई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "बोटांले डोळे असतात, सुमन. गरम काय, थंड काय, खडा कुठं, काटा कुठं, सारं त्यायले दिसते. तुझा चमचा आंधळा आहे." मी मखमली डबा माळ्यावर टाकला आणि आठ दिवस गाल फुगवून हिंडले.

आता मंदारची मुलगी मिठू अडीच वर्षांची आहे. ती पणजीच्या वयाच्या बाईला सरळ 'बेबी' म्हणते, आणि बेबीताई तिला 'मिठूबाई'. सूनबाई नेहा इथलीच, घरात हिंदी बोलणारी. तिने मोबाइलवर कुठेतरी वाचलं की मुलांना हाताने खाऊ द्यावं, त्याने बुद्धी वाढते. बेबीताईंनी ते ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही वरच्या कोर्टात निकाल लागलाय. मिठू मुरमुऱ्यांतून पोह्यांत आणि पोह्यांतून दहीभातात भराभर चढली.

पण प्ले-स्कूलच्या मॅडमनी सांगितलं, बच्ची को स्पून से खाना आना चाहिए. नेहा म्हणाली, "मम्मीजी, आप सिखा दीजिए न." मी तर काय, टपूनच बसले होते. तेलीबांध्याकडच्या एका दुकानातून मी चमचा आणला. जाड रबरी मुठीचा, मुठीवर अस्वलाचं तोंड असलेला. म्हातारपणी का होईना, चमच्याचा झेंडा या घरावर लागला.

चौथ्या-पाचव्या दिवशी अस्वल गायब झालं.

आणि त्याच सुमारास बेबीताईंनी पंगतीला बसणं सोडलं. "मले खोलीतच दे, पाठ दुखून राहिली," म्हणायच्या. ताट आत न्यायचं, दार लागायचं, धुतलेलं ताट बाहेर यायचं. मला हसूच आलं. म्हटलं, रुसल्या! चमचा कचऱ्यात टाकला आणि वर उपोषणाला बसल्या. महिला मंडळात मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. "आमच्या घरी चमचा-सत्याग्रह चालू आहे हो!" बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. बेबीताईंच्या बसण्याची, पंजा दाखवण्याची नक्कलही केली. नक्कल मला चांगली जमते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताक द्यायचं राहिलं म्हणून वाटी घेऊन मी त्यांच्या खोलीकडे गेले. दार नीट लागलेलं नव्हतं. मी ढकलणार, तेवढ्यात फटीतून दिसलं.

बेबीताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर ताट. उजवा हात थरथरत होता. वाऱ्यावर पान हलतं तसा, त्यांच्या मनात नसताना. बोटांनी घास उचलला की निम्मा लुगड्यावर पडत होता. त्यांनी हात पुसला, उशीखालून अस्वलाचा चमचा काढला, जाड मूठ मुठीत घट्ट धरली आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून घास तोंडाकडे न्यायला लागल्या. वाटेत तो पडला. त्यांनी पुन्हा भरला. दुसरीतल्या पोरासारखी जीभ जरा बाहेर आली होती.

मी ताकाची वाटी घेऊन उलट्या पावली स्वयंपाकघरात आले आणि ओट्यापाशी उभी राहिले. हात कधीपासून थरथरत असेल? मी रोज त्यांना चहा देत होते. कप त्या दोन्ही हातांनी धरतात हे पाहिलं होतं आणि म्हटलंही होतं, "काय ताई, थंडी वाजते का?" आदल्या दिवशीची नक्कल आठवली. बायका हसल्या होत्या तो आवाजसुद्धा आठवला. आणि वर, दुसऱ्याच्या खोलीत डोकावले होते. इतकी लाज मला मुनगा उडाला तेव्हाही वाटली नव्हती.

मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

रविवारी आमच्याकडे सगळे खाली पंगत करून बसतात. मी पानं वाढली. बेबीताईंचंही पान मांडलं आणि गप्प बसले. मंदार म्हणाला, "चला, सुरू करा." मिठू हाताची घडी घालून बसली.

"बेबी बाकी है."

नेहा म्हणाली, "बेटा, बेबी दादी अपने कमरे में खाएँगी."

"नहीं. बेबी बाकी है."

आतून आवाज आला, "मिठूबाई, तुम्ही जेवा. माझा आज उपास आहे."

मिठू हलली नाही. वरण निवत चाललं. मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी दार वाजलं. बेबीताई आल्या, उजवा हात पदराखाली. भिंतीला धरून बसल्या. मिठूने घडी सोडली.

बेबीताईंनी घास उचलला. तोंडाशी जाईपर्यंत त्यातला बराच भात पाटावर पडला. त्यांची मान खाली गेली ती वर येईना.

मिठू वाकून भाताकडे बघत टाळी वाजवून ओरडली, "वा! मुंगीताई का खाना!"

बेबीताईंच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं रडल्या. पण हसत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सुमन, माझ्या बोटांले मोतीबिंदू झाला वं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग चष्मा लावा की, ताई."

त्यांनी कमरेला खोचलेलं अस्वल काढलं, पदराने पुसलं आणि मिठूपुढे धरलं. "मिठूबाई, हे आपलं माझ्यापाशी राहून गेलं होतं."

मिठूने आपला वरणभाताने माखलेला पंजा त्यांच्या नाकासमोर उघडला.

"मेरे पास है न!"

बेबीताई त्या पंजाकडे बघत राहिल्या. अन्न दुसऱ्या पेराच्या कितीतरी वर गेलेलं होतं. त्यांनी चमचा परत घेतला, मूठ घट्ट धरली आणि भात कालवला.

त्यांचा हात थरथरला की चमचा ताटाच्या काठावर टिणटिण वाजायचा. मंदारने खाली बघून भाकरी मोडली. नेहाने खाली बघून मिठाचा खडा चुरला. मी माझ्या पानातला मुनगा उचलला आणि चोखत बसले. चमचा बराच वेळ वाजत होता, आणि कोणीही दुसऱ्याच्या पानात पाहिलं नाही.