दोन मुठी मीठ

सुवर्णाच्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली ती तिच्या नवऱ्याच्या ओल्या चमच्यानं. ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती, पास्कूला आणि देवाला. देव अजून काही बोलला नव्हता.

बरणी साधीसुधी नव्हती. सुवर्णाच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला घरोघरच्या वस्तूंचा लिलाव होतो आणि तिच्या लोणच्यावर दरवर्षी उड्या पडतात. राहनाळच्या गोडाउनमधली ड्युटी संपवून आला की पास्कू रोज गुपचूप एक चमचा काढायचा. चमचा धुऊन घ्यायचा, म्हणजे ओलाच. वर पांढरं दिसलं तेव्हा त्यानं ते खरवडलं. पुन्हा दिसलं तेव्हा खरवडून वर दोन मुठी मीठ टाकलं आणि नीट ढवळलं. दुसऱ्या दिवशी सुवर्णानं चव घेतली आणि तिचं तोंड वाकडंच झालं.

"ही कमळ! हिला मीठ घालायला सांगितलं तीच चूक झाली!"

कमळ शेजारीण, इथल्याच टेमघर गावातली आगरी. बावीस वर्षं दोघी मिळून लोणचं घालत होत्या. गॅलरीत असं भांडण जुंपलं की बोलणंच तुटलं. चार दिवसांनी कमळनं सुवर्णाचा डबा परत धाडला, तोही रिकामा. बावीस वर्षांत डबा कधी रिकामा आला नव्हता. तो हातात धरून सुवर्णा ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी राहिली. ते बघून पास्कूनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

पास्कू कॅथलिक. शनिवारी आपल्या चर्चमध्ये जाऊन, पापकबुलीच्या जाळीपाशी गुडघे टेकून त्यानं फादरना सगळं सांगितलं.

"पापाची क्षमा आहेच," जाळीमागून फादर म्हणाले. "पण त्या शेजारणीवरचा आळ दूर कर. घरी खरं सांग."

"फादर, त्यापेक्षा प्रायश्चित्त म्हणून पन्नास नमो मरिया म्हणतो."

"घरी सांग."

"शंभर म्हणतो. गुडघ्यावर!"

"अरे, हा काय भाजीबाजार आहे?"

घरी येताना पास्कूला वाटलं, आजच्यापुरता बायकोचा पंथ बरा. सुवर्णा प्रोटेस्टंट. लग्न झाल्यापासून ती ऐकवत आली होती, "आमच्यात मधे कुणी लागत नाही. मी थेट देवाला सांगते. तुम्ही आपले फादरना सांगून मोकळे!"

थेट तर थेट. जाळी नाही, प्रायश्चित्त नाही. सुवर्णा नळावर गेलेली बघून तो स्वयंपाकघरात शिरला. गुडघे सवयीनं टेकले. बाकी सगळं तिच्यासारखं केलं, डोळे मिटले, हात पसरले आणि खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू केली. जन्मभर कुजबुजत पापं सांगितलेल्या माणसाला मोठ्यानं सांगण्याची गोडी लागली. चमचा, बुरशी, मीठ, कमळ, फादरनी दिलेली क्षमा, सगळं ओघानं आलं.

"आमेन," मागून आवाज आला.

दारात सुवर्णा, कडेवर भरलेली कळशी. आता ही डोक्यावर रिकामी होणार म्हणून पास्कूनं डोळे पुन्हा घट्ट मिटले. पण कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बापा, यांना क्षमा कर," ती म्हणाली. मग जरा थांबली. "आणि ते माझं... तुला माहीतच आहे. कमळ घरी गेल्यावर मीपण मूठभर मीठ घातलं होतं. तिचं प्रमाण मला कमी वाटलं. भांडून झाल्यावर आठवलं. तुला सांगितलं, तू क्षमा केलीस. पण कमळकडं जायला काही पाय उचलला नाही बघ."

"झाला का दोगांचा?"

दोघांनी दचकून डोळे उघडले. गॅलरीकडच्या खिडकीत कमळ उभी होती. पास्कूची थेट प्रार्थना तिच्या घरापर्यंत थेट पोचली होती.

"याला फादरनं माफ केला, तुला देवानं माफ केला. मना कोनी इचारला का?"

सुवर्णानं पदरानं नाक पुसलं. "चुकलं गं, कमळे."

"चुकलाच."

ती तरातरा निघून गेली. संपलं सगळं, असं पास्कूला वाटलं. तोवर ती परत आली, कमरेवर लिंबांची पाटी घेऊन. पाटी तिनं पास्कूच्या पुढ्यात आदळली.

"लिलावाला अजून येल हाय. मीठ मी घालनार. एकटी! दादा, तुमी चिरा. हात कोरडे करून."

"किती आहेत?" पास्कूनं भीतभीत विचारलं.

"शंभर."

पास्कूनं मुकाट्यानं हात पुसले आणि पहिलं लिंबू उचललं. गुडघे टेकलेलेच होते.