मुरडीच्या डोंगराची वेळ

१२ एप्रिल. आभाळ कोरडे, वारा पडलेला, सकाळी दहालाच दगड तापले.

बिझनेस क्लासची सेवा सुधारण्यासाठी रेल्वेगाडीच्या कंपनीने आमच्या गावचा मुरडीचा डोंगर भाड्याने घेतला, त्याला आज नऊ दिवस झाले. दुपारी एकला तो त्या डब्याच्या उघड्या खिडक्यांना लागून, सावली धरत निघतो, सव्वादोनपर्यंत गाडीबरोबर चालतो आणि तीनच्या आत घरी येतो. तीनपासून त्याची सावली सरूवहिनींच्या पानमळ्यावर पडते. म्हणून होकार देताना गावाने वेळ लिहून घेतली होती.

वहिनी डोंगरावर गवत कापतात आणि तिथेच जेवतात. परवा भाकरी सोडताना खिडकीतल्या एका गृहस्थांशी नजरानजर झाली, तेव्हा कोणीही म्हणेल तसे त्या म्हणाल्या, "या जेवायला." गृहस्थ "होऊ द्या" म्हणाले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि वाट पाहिली. मग अभिप्रायाच्या कागदावर लिहिले : आमंत्रण मिळाले, जेवण मिळाले नाही.

आज कंपनीचे निमोणकर साहेब वहिनींच्या ओसरीवर आले.

"बोलावलं की वाढावं लागतं," ते म्हणाले. "प्रवाशांना डोंगरावर उतरून जेवायचं तर डोंगर पाचपर्यंत लागेल."

"पाचपर्यंत वेली करपतील," मी म्हणालो.

"मग बाईंनी विचारू नये."

"साहेब, समोर माणूस उपाशी बसलेला असताना तुम्ही घास उचलता?" वहिनींनी विचारले.

साहेबांनी विचार केला. "नाही उचलत."

"बसा मग, भाकरी टाकते."

"नको, नको. आत्ताच जेवून आलोय."

"हे असं म्हणायचं असतं. तुमच्या प्रवाशाला शिकवा."

प्रवाशांना शिकवणे सेवेत बसत नाही, असे साहेब म्हणाले. ठरले ते असे : उद्या वहिनींनी खिडक्यांकडे पाठ करून जेवावे. विचारले, तर परवापासून डोंगर पाचला.

१३ एप्रिल. ऊन तसेच. पश्चिमेला ढगाचा एक तुकडा, दुपारपर्यंत विरला.

साहेब आणि मी डोंगरावर बसलो. वहिनींनी पाठ करून भाकरी सोडली, पण हात लावला नाही.

"वहिनी, जेवा," मी म्हणालो.

"भावजी, पाठीला कळतंय माणसं बसलीत ते."

पावणेदोनला त्या फडके परत बांधू लागल्या. तेवढ्यात मागच्या खिडकीतून आवाज आला, "या जेवायला." एक वयस्क गृहस्थ पुढ्यात ताट घेऊन बसले होते.

वहिनी वळल्या. "होऊ द्या," म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे तोंड करून जेवल्या. जेवत्या माणसाला विचारावे लागत नाही.

साहेबांनी डब्यात चौकशी केली. बाकीच्यांना साडेबारालाच वाढले होते. या गृहस्थांचे ताट सव्वा तास उशिरा आले होते. साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या.

१४ एप्रिल. ऊन कडक, किंचित वारा. डब्यातली सगळी ताटे वहिनींच्या भाकरीबरोबर सव्वाएकला वाढली गेली. डोंगर दोन वाजून बावन्न मिनिटांनी जागेवर आला. तीनला सावली पानमळ्याच्या पहिल्या ओळीवर होती.