मुरुमची सायकल शर्यत आणि वीरप्पांची पाठ

वारा सर्वांसाठी सारखाच वाहतो. अंगावर मात्र तो पुढच्यालाच घ्यावा लागतो. या सत्याचा शोध मुरुम गावाला फसली सन १३५३ च्या, म्हणजे इंग्रजी १९४४ च्या, आखाडात लागला, आणि त्यानंतर गावात कुणी पुढं झालं नाही.

लढाईचे दिवस होते. रबर सगळं फौजेकडं गेलं होतं. अशा वेळी सायकल कमिटीनं चावडी, अडत बाजार, वेस आणि परत चावडी अशा वीस फेऱ्यांची शर्यत जाहीर केली आणि बक्षीस ठेवलं टायरांची नवी जोडी. टायर मिळवण्यासाठी आधी असलेले टायर झिजवावे लागणार होते, म्हणून ही योजना न्याय्य मानली गेली.

पंचाक्षरी मास्तरांच्या पत्नी शांतम्मा यांना ती जोडी हवी होती. गावात डॉक्टर नव्हता. डॉक्टर उमरग्याला, आणि मास्तरांच्या मागच्या टायरला सतरा ठिगळं. (मूळ टायर दोन ठिगळांच्या मधे अजून दिसत असे.) आठ महिन्यांची इरम्मा दात येण्याच्या बेतात होती, आणि शांतम्मा दर पाच मिनिटांनी तिच्या कपाळाला उलटा हात लावून बघायची. मूल गार लागलं तरी तिला काळजी वाटे, की हे एवढं गार का.

सोलापूरच्या कॉलेजात ती इंटरपर्यंत शिकली होती. शिकलेल्या बाईनं नवऱ्याच्या शर्यतीत लक्ष घालू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिनं घातलं. बाळाला थोपटता थोपटता तिनं हिशेब मांडला: पुढच्याच्या पाठीमागं चिकटून चालवलं, तर रुपयातली तीन आण्याची ताकद वाचते, आणि पुढचा वीरप्पा अडत्यांएवढा रुंद असेल, तर पाच आण्याची.

"अहो, एकोणीस फेऱ्या वीरप्पांच्या पाठीमागनं हलू नका," तिनं भाकरी वाढताना सांगितलं. "विसाव्या फेरीत वेशीच्या वळणावर बाहेर पडा. आणि हे कुणाला बोलू नका."

मास्तर कुणालाच बोलले नाहीत. फक्त वीरप्पांकडं गेले. एखाद्याच्या पाठीमागं दोन तास बसायचं आणि त्याला विचारायचं नाही, हे त्यांच्या संस्कारात बसेना.

"अण्णा, शर्यतीत तुमच्या पाठीमागं बसू का?"

"बसा की. पर कशापायी?"

मास्तरांनी सविस्तर सांगितलं. शिकवायची सवय होती.

आपल्या पाठीचं मोल वीरप्पांना त्या दिवशी प्रथमच कळलं. दोन दिवसांत बाकीच्या तेराही स्पर्धकांनी ती पाठ मागितली आणि भिडेखातर वीरप्पांनी ती सगळ्यांना देऊन टाकली. स्वतःसाठी मात्र ते आळंदपर्यंत चौकशी करून आले. त्यांच्याहून रुंद माणूस मुलखात नव्हता.

कमिटीचे पंच होते महालिंगप्पा, कचेरीतनं पेन्शन घेतलेले पेशकार. त्यांनी लिहिलेल्या नियमांत 'जो सायकलस्वार प्रथम चुन्याची रेष ओलांडील' असं आधी होतं. पण चौदापैकी नऊ सायकली उसन्या निघाल्या. उसन्या सायकलीवर बसलेल्यास सायकलस्वार म्हणावे काय, यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. अखेर 'जो कोणी' असा निर्दोष मजकूर मंजूर झाला.

शर्यत दुपारी दोनला सुटली. पहिली फेरी चार मिनिटांत झाली, कारण सगळे सवयीनं चालवत होते. मग वेशीच्या वळणावर वारा लागला आणि अक्कल आली. पाचवी फेरी अकरा मिनिटांची, नववी सव्वीस. तिघं पडले. (वेगामुळं नव्हे, वेगाच्या अभावामुळं. एक कोपर, एक धोतर आणि एका घराण्याचं नाव, एवढं नुकसान झालं.)

"मास्तर, म्होरं व्हा की."

"छे छे. मान तुमचा, अण्णा."

"मान घरी ठिवून आलो बगा आज."

अकराव्या फेरीत धुळाप्पाची मेंढरं मागून आली आणि पुढं निघून गेली. पंचांनी वहीत नोंद केली: 'मेंढरे, शर्यतीबाहेर.' धुळाप्पा काठी टेकून शांतम्माच्या ओट्यापाशी थांबला.

"बाई, मेंढरास्नी बी एक येडं लागतंय म्होरं चालाया," तो म्हणाला. "हितं समदीच शहाणी."

शांतम्माला राग आला. हिशेब तिचा होता आणि तो चोख होता. तो चौदा जणांना एकदम कळला तर काय होईल, हे इंटरला नव्हतं.

चहाची वेळ टळू लागली तशी महालिंगप्पांनी फेऱ्या माफ केल्या. पाचला घंटा होईल, त्यानंतर जो कोणी प्रथम रेष ओलांडील तो विजयी. पाचला घंटा झाली. घोळका रेषेपासून साठ पावलांवर होता. घंटा ऐकताच सर्वांनी वेग आणखी कमी केला, कारण आधी सुटणारा हरतो हे आता लहान मुलांनाही ठाऊक होतं.

त्याच घटकेला शांतम्मानं हात लावला, आणि कपाळ खरंच तापलं होतं. उमरग्याची कोळशावरची मोटार सव्वापाचला वेशीतून सुटायची. तिनं इरम्माला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि भर रस्त्यानं, समोरचा वारा पदरावर घेत निघाली. दहा पावलांत तिनं घोळका गाठला.

"अहो, मी दवाखान्यात निघाले."

"थांब जरा. पन्नास पावलं राहिलीत."

"तोवर ही शाळेत जाईल."

आणि ती पुढं गेली. चुन्याची रेष वाटेत होती, तीही ओलांडली. मागून महालिंगप्पा शिट्टी फुंकत होते. तिला वाटलं, मेंढरांना फुंकत असतील.

मोटार सापडली. डॉक्टरांनी हिरडी दाबून बघितली. दोन दात होते. ताप सकाळपर्यंत उतरला.

इकडं कमिटी बसली होती. शांतम्मा विजयी, हे नियमानं उघड होतं, पण तिचं नाव पुकारायला कुणी तयार होईना. तेव्हा एका सभासदानं दाखवून दिलं, की बाईनं मूल छातीशी धरलं होतं. सबब रेष आधी मुलानं ओलांडली, आणि आईनं तर मुलाच्या आडोशाचा फायदा घेतला. प्रथम क्रमांक: इरम्मा, वय आठ महिने. ती अज्ञान असल्यामुळं टायर तिच्या पालकाच्या, म्हणजे मास्तरांच्या हवाली करण्यात आले. (मास्तर नववे आले होते. त्यांची हारांसह मिरवणूक निघाली. पुढं कुणी चालेना म्हणून बराच वेळ ती चावडीतच होती.)

टायर बसले. पण मोटारीतले ते तेरा मैल शांतम्माच्या डोक्यातून जाईनात. तिनं दरखास्त लिहिली: मुरुमला आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर पाठवावा. चौदाही स्पर्धकांना ती पसंत पडली. पहिली सही करायला कुणी धजेना, म्हणून शांतम्मानंच केली, आणि तिच्याखाली चौदा सह्या दुपारच्या आत झाल्या. वरच्या कचेरीतून कागद परत आला. शेरा होता: मास्तरांच्या कुटुंबाची सही मास्तरांच्याच सहीत धरण्यात येते. मास्तर आठव्या ओळीत होते. पहिली ओळ खोडलेली होती आणि तिथं 'एका जबाबदार इसमाची' नवी सही मागितली होती.

वीरप्पा म्हणाले, आमची सही खाली हायच की. मास्तरांनी अक्षराची तारीफ केली. महालिंगप्पांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि शेजारच्याला दिला.

तेव्हापासून तो कागद हातोहात फिरतो आहे. मजकुराशी असहमत असा माणूस अद्याप भेटलेला नाही. आपणही मान डोलावली असेल. सहीपुरतं सांगायचं तर दोन ते पंधरा ओळी भरलेल्या आहेत. खाली कागद संपतो. जागा वरतीच आहे.